छावणीतली बालवाडी कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी

निर्वासितांच्या छावणीत तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी वर्ग काढायचा म्हटलं की आधी सामानाची यादी होते. पाट्या किती, खडू किती, चटया कोण देणार. सामान लागतंच. पण ज्या मुलाचं घर, शेजार, झोपायची जागा सगळं एका फटक्यात बदललं, त्याला वर्गाकडून सर्वांत आधी हवा असतो तो नेम. तीच वेळ, तेच दार, तोच ओळखीचा चेहरा, आणि 'उद्या या' म्हटल्यावर उद्या खरंच उघडणारा वर्ग. सहा दिवस कधी चार तास, कधी एक तास असा वर्ग भरवण्यापेक्षा आठवड्यातून चारच दिवस, पण ठरल्या वेळी भरवा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

परवानगी मागायला जाताना

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या २०२३ च्या शिक्षण अहवालाप्रमाणे शाळेच्या वयाची निर्वासित मुलं १ कोटी ४८ लाख होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक शाळेबाहेर. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं २२ वं कलम प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना त्या देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक द्यायला सांगतं. १९८९ च्या बालहक्क कराराचं २८ वं कलम प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि सर्वांना मोफत असावं असं सांगतं. यजमान देश पहिल्या करारात सामील आहे का ते आधी बघा. नसला तरी बालहक्क करारात तो बहुतेक असतोच, कारण अमेरिका सोडली तर जवळजवळ सगळ्या देशांनी तो मान्य केला आहे. ही दोन कलमं कागदावर उतरवून सोबत न्या. मग उपकार मागतोय अशा सुरात बोलावं लागत नाही.

वेळ नळावर ठरते

वर्गाची वेळ कार्यालयात बसून ठरवू नका. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या नळाजवळ उभं राहा आणि रांगेत कोण आहे ते बघा. सहा-सात वर्षांची मुलं कॅन घेऊन उभी असतात, मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असतं. पाणी ज्या तासाला सुटतं आणि रेशन ज्या दिवशी वाटलं जातं, ती वेळ वर्गाला ठेवली तर हजेरी निम्म्यावर येते. मग 'पालकांना शिक्षणाची किंमत नाही' असा शेरा मारला जातो. तो चुकीचा असतो.

भावंडाला घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत पाठवू नका. वर्गाच्या एका कोपऱ्यात चटई, दोन-तीन कापडी खेळणी आणि लक्ष ठेवायला छावणीतलीच एखादी आजी एवढं असलं की ती मुलगी रोज येते. या एका सोयीने मुलींची हजेरी जेवढी सुधारते, तेवढी कुठल्याही भाषणाने सुधारत नाही.

जागा, पाणी, शौचालय

२५ मुलांना ३० ते ३५ चौरस मीटर जागा पुरते. त्याहून मोठा गट तीन-चार वर्षांच्या मुलांना झेपत नाही. मुलं जास्त असतील तर दोन पाळ्या करा, पण गट फुगवू नका. प्रत्येक गटाला दोन मोठी माणसं हवीत. त्यांतलं एक मुलांची घरची भाषा बोलणारं असलंच पाहिजे.

ताडपत्री आणि बांबूची शेड झटक्यात पेट घेते, म्हणून समोरासमोर दोन वाटा ठेवा आणि दोन्हींचे पडदे किंवा दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी असू द्या. एक बादली वाळू, एक बादली पाणी दाराशी कायम. बाहेर पडायचा सराव महिन्यातून एकदा करा, पण मुलांना आधी सांगून आणि गाणं म्हणत. भोंगा वाजवून अचानक सराव घेतला तर काही मुलं बाहेर न पळता जमिनीवर आडवी होतात, कारण त्यांना तेच शिकवलं गेलेलं असतं. शेडच्या चारी बाजूंनी वीतभर खोल चर खणला नाही तर पहिल्याच पावसात चटया भिजतात. ओल्या चटईला आलेली बुरशी सहजी जात नाही.

पाणी पिण्यासाठी आणि हात धुण्यासाठी दर मुलामागे रोज ३ लिटर धरा, म्हणजे २५ मुलांना ७५ लिटर. हात धुण्याची तोटीची बादली साधारण ५० सेंटीमीटर उंचीवर ठेवा. मुलाला टाचा उंचवाव्या लागल्या की पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि ते हात धुणंच टाळतं. साबण नुसता ठेवला तर दोन दिवसांत नाहीसा होतो. जुन्या मोज्यात घालून तोटीला बांधला की मोज्यासकट फेस येतो आणि साबण जागेवर राहतो.

शौचालयांचं आणीबाणीतलं मान्य प्रमाण ३० मुलींमागे एक आणि ६० मुलग्यांमागे एक असं आहे. लहान मुलं शौचालय टाळतात ती मुख्यतः भीतीने. आत अंधार असतो आणि मोठ्यांसाठी केलेल्या खड्ड्याचं भोक त्यांना आपण आत पडू एवढं मोठं वाटतं. भोकावर लहान भोकाची फळी बसवा आणि वरच्या बाजूला उजेडाला जागा ठेवा. मुलांना दोघादोघांनी पाठवा आणि एका मोठ्या माणसाची नजर बाहेरून दारावर राहू द्या. पोटात कळ दाबून बसलेलं मूल अक्षरं गिरवत नाही.

नाव नोंदवताना

जन्मदाखला, शाळेचा दाखला यांपैकी काहीही मागू नका. असेल तर बघा आणि तिथेच परत द्या. मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेऊ नये. तो हरवला तर त्या घराचा पुढचा सगळा कारभार अडतो. वय माहीत नसेल तर घरच्यांना ओळखीच्या घटनांच्या आधाराने विचारा: अमुक पूर आला तेव्हा हे पोटात होतं की रांगत होतं? समोरचे खालचे दुधाचे दात बहुधा सहाव्या वर्षाच्या आसपास पडू लागतात, तेवढाच एक ढोबळ पुरावा. कुपोषणात वाढ खुंटते, त्यामुळे उंचीवरून वय ठरवलं की आठ वर्षांचं मूल पाच वर्षांच्या गटात जाऊन बसतं आणि महिन्याभरात यायचं थांबतं.

वहीत एवढंच लिहा: घरी हाक मारतात ते नाव, घरच्यांनी सांगितलेलं पूर्ण नाव, घरची भाषा, तंबूचा किंवा गल्लीचा क्रमांक, मुलाला न्यायला येणाऱ्या दोन माणसांची नावं, फिट-दमा-ॲलर्जी काही असेल तर ते, आणि आधी शाळेत गेलं होतं का. कुठल्या वाटेने आले, कोणापासून पळाले, धर्म कोणता, हे लिहायचं कारण नाही. अशी वही चुकीच्या हाती पडली तर घरच्यांच्या जिवावर बेतू शकतं. वही कुलपात ठेवा. न्यायला तिसरंच कोणी आलं तर ते कितीही ओळखीचं वाटो, मूल त्याच्या हवाली करू नका.

दारातली पहिली १५ मिनिटं

दिवस दारात ठरतो, म्हणून इथे वेळ काढा. ताई किंवा दादा, जे कोणी वर्ग घेतं, त्याने मुलं यायच्या आधी १० मिनिटं दाराशी बसलेलं असावं. उभं नाही, बसलेलं; डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यायला हवेत. दाराजवळ बांबूवर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्यावर एक पुठ्ठ्याची पट्टी, साधारण २० सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद. पट्टीवर मुलाचं नाव घरच्या भाषेच्या लिपीत, खाली शाळेच्या भाषेच्या लिपीत, आणि शेजारी त्याने स्वतः निवडलेलं चित्र: पतंग, कोंबडी, चाक, काहीही. मूल येतं, चपला रांगेत ठेवतं, आपली पट्टी काढतं आणि आतल्या दोरीवर अडकवतं. हीच हजेरी. जे मूल अजून बोलत नाही तेही हे करू शकतं. 'मी आलोय' हे त्याने स्वतः सांगितलेलं असतं.

नाव बरोबर उच्चारा. पहिल्या दिवशी आईकडून तीनदा म्हणवून घ्या आणि ऐकू येतं तसं वहीत लिहा. सोयीसाठी नाव छोटं किंवा सोपं करू नका. त्या मुलाने घरून आणलेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक आहे.

ज्या मुलाला आईला सोडवत नाही, त्याच्या आईला आत बसू द्या. पहिला आठवडा ती शेजारी, मग दाराशी, मग बाहेर पण दिसेल अशी. आईने गुपचूप निघून जाणं मात्र होऊ देऊ नका. ज्या मुलाने एकदा माणसं अचानक नाहीशी होताना पाहिली आहेत, ते त्यानंतर दाराकडेच बघत बसतं. जाताना आईने सांगून जावं आणि ओढणी, रुमाल असं काहीतरी त्याच्या हातात ठेवून जावं.

दिवसाचा क्रम

अडीच तासांचा वर्ग पाच वर्षांखालच्या मुलांना पुरेसा आहे. दारात १५ मिनिटं, गोल बसून गाणं आणि आजचा क्रम सांगायला १५, कोपऱ्यांत मोकळा खेळ ४०, हात धुणं आणि खाणं २०, गोष्ट व भाषा २५, मैदानात किंवा मोजणीचे खेळ २५, निरोपाला १०. क्रम चित्रांनी कापडावर टाचा आणि एक भाग संपला की ते चित्र एखाद्या मुलाकडून उलटवून घ्या. पुढे काय होणार हे दिसलं की निम्मी रडारड थांबते.

खाणं मिळणार असेल तर पहिल्या दीड तासातच द्या. शेवटी देतो म्हणजे मुलं थांबतील, हा हिशेब फसतो. मुलं थांबतात, पण भुकेलं मूल तोवर काहीच शिकत नाही. आणि खाणं कधीही बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरू नका.

सामानात युनिसेफची 'पेटीतली शाळा' आली असेल तर ती एका शिक्षकाला आणि ४० मुलांना पुरेल अशी असते. पेटीच्या झाकणाला आतला काळा रंग लावला की त्याचा फळा होतो. ती नसली तरी अडत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन बोटं जाडीची वाळू घातली की गिरवायची पाटी होते; १० काड्यांच्या जुड्या, खडे, बाटल्यांची बुचं मोजायला होतात. तीन वर्षांखालचं भावंड वर्गात असेल तर कागदी नळीतून आरपार जाईल एवढी कुठलीही वस्तू खाली ठेवू नका, घशात अडकते. कणकेचे गोळे, डाळ-तांदळाची चित्रं हे इतर बालवाड्यांतले प्रकार इथे टाळा. ज्या घरात रेशन मोजून शिजतं, तिथल्या मुलाला धान्य खेळायला देणं बरं नाही. चिकणमाती घ्या, ती फुकट मिळते आणि मुलांना जास्त आवडते.

भाषा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. यजमान देशाच्या शाळेत जायचं आहे म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं नव्या भाषेत सुरू केलं जातं आणि मुलं पोपटासारखी कविता म्हणू लागतात. पाहुणे खूश होतात. पण वाचायला बसवलं की काही येत नसतं. अक्षर म्हणजे आवाज आणि आवाज जोडला की अर्थ लागतो, ही युक्ती मूल एकदाच शिकतं, आणि ती समजणाऱ्या भाषेतच शिकता येते. नंतर दुसऱ्या लिपीत ती न्यायला फार वेळ लागत नाही.

साधी पद्धत अशी. सकाळी गोलात एखाद्या मुलाने घरच्या भाषेत काही सांगितलं, समजा 'आमची बादली सांडली'. ते वाक्य तस्संच लांब पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहा. बोट फिरवत तीनदा वाचा. ज्याचं वाक्य त्याने वाचावं; ते बोललेलंच असल्यामुळे त्याला ते येतंच. दुसऱ्या दिवशी पट्टी शब्दाशब्दावर कापा आणि तुकडे मिसळून पुन्हा लावायला द्या. तिसऱ्या दिवशी 'बादली' मधला 'बा' आणखी कशात आहे ते शोधा. चौथ्या दिवशी खाली त्याच अर्थाचं नव्या भाषेतलं वाक्य दुसऱ्या रंगात लिहा. आठवड्याला दोन वाक्यं पुरे.

घरच्या भाषेची लिपी वर्गात वापरात नसेल, किंवा पुस्तकं तिसऱ्याच भाषेत असतील, तर निदान तोंडी काम घरच्या भाषेत ठेवा. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत २०२१ च्या अखेरीपासून म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू झाला. तिथली मुलं घरी रोहिंग्या बोलतात आणि पुस्तक बर्मी असतं. अशा ठिकाणी गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगून मगच पुस्तक उघडायचं.

नव्या भाषेतली पहिली वाक्यं कवितेची नकोत, गरजेची हवीत: मला पाणी हवं. मला शौचाला जायचंय. मला समजलं नाही. पुन्हा सांगा. मला दुखतंय. मला हे नको. माझं नाव अमुक. तू माझ्याशी खेळशील का? ही आठ वाक्यं पक्की असलेलं मूल शेजारच्या शाळेत तग धरतं. नव्या भाषेत काही मुलं कित्येक महिने तोंडच उघडत नाहीत, नुसती ऐकतात. घरच्या भाषेत ती बोलत असतील तर काळजी नको आणि 'बोल ना, बोल ना' असा आग्रहही नको.

लिपीच्या खाचखळग्यांची आधी माहिती करून घ्या. अरबी लिपीत सुरुवात केलेलं मूल उजवीकडून लिहितं. ओळीच्या डाव्या टोकाला रोज एक लाल ठिपका काढून द्या, महिन्याभरात हात वळतो. त्याहून फसवे आकडे. बऱ्याच अरब देशांत चालणारा पाच हा गोल, आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो. तिथला सहा इंग्रजी सातासारखा (7) वाटतो. मुलाने पाचाऐवजी शून्य काढला तर त्याला मोजता येत नाही असं समजू नका, आधी पाच काड्या उचलायला सांगा. युक्रेनमधून आलेलं मूल रोमन 'बी' ला 'व' आणि 'पी' ला 'र' म्हणतं, कारण त्याच्या लिपीत त्याच आकाराचं अक्षर तसंच वाचतात.

दचकणं, गप्प बसणं, मारणं

शिट्टी, फुगे, अचानक वाजवलेली घंटा, पाठीमागून खांद्यावर हात, हे सगळं वर्गातून हद्दपार करा. मुलांना बोलवायला खुळखुळा किंवा ठरलेलं गाणं.

तरीही एखाद्या दिवशी बाहेर पाण्याचा पंप धडधडतो आणि एक मूल कान झाकून कोपऱ्यात जातं. त्याला ओढून बाहेर काढू नका. हातभर अंतरावर, त्याच्या बाजूला, जमिनीवर बसा. त्याच्या भाषेत, हळू, छोट्या वाक्यांत सांगा: 'हा पंप आहे. टाकीत पाणी चढतंय. तू वर्गात आहेस. मी इथे बसले आहे.' हातात गुळगुळीत खडा द्या आणि पाय जमिनीला दाबायला सांगा. मग कागदाची पट्टी त्याच्या ओठांसमोर धरा, ती हलेल अशी लांब फुंकर मारायला लावा. श्वास आपोआप संथ होतो. १० मिनिटं लागतील. बाकीच्यांकडे दुसरं माणूस बघेल, म्हणून तर दोघं हवीत. 'काय आठवलं तुला?' हा प्रश्न विचारू नका, ना तेव्हा ना नंतर. शांत झाल्यावर, त्याची तयारी असेल तर, पंप दाखवून आणा.

'तुझं जुनं घर काढ' असं चित्राला विषय देणंही टाळा. कोरा कागद द्या. मूल काढेल ते काढेल, सांगेल ते ऐका.

वर्गात झोपणाऱ्याला झोपू द्या. रात्री तंबूत झोप लागत नसते. चड्डी ओली झाली तर गाजावाजा न करता बदला, चार-पाच जोड्या वर्गात ठेवा. खिशात पोळीचा तुकडा लपवणाऱ्याकडून तो काढून घेऊ नका. त्याच्या नावाचा झाकणाचा डबा द्या आणि उरलेलं घरी नेऊ द्या. पोट भरायची खात्री पटली की ही सवय हळूहळू सुटते. मारामारी करणाऱ्याला बाजूला घ्या, हात धरून थांबवा, पण मारू नका. मार खाल्लेल्या मुलाला मोठा माणूस हात उचलतो तेव्हा फक्त एवढंच कळतं की इथेही तेच आहे.

युद्धाचे, पळून जाण्याचे, पुरण्याचे खेळ मुलं खेळतात. बहुतेक वेळा ते बरं होण्याचाच भाग असतो, थांबवू नका. पण तोच खेळ, तोच शेवट, महिनाभर चालू राहिला, मूल खेळून आणखी ताठरलं, आधी येत असलेली भाषा गेली, खाणं सुटलं, स्वतःला इजा करू लागलं, किंवा कोणा मोठ्याच्या स्पर्शाबद्दल काही बोललं, तर छावणीच्या बालसंरक्षण कर्मचाऱ्याला त्याच दिवशी सांगा. स्वतः चौकशी करत बसू नका आणि शेजाऱ्यांत चर्चा नको. प्राथमिक मानसिक आधारातले तीन टप्पे बालवाडीला पुरतात: पहा, ऐका, जोडून द्या.

आरोग्याचं थोडक्यात: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर महिन्यातून एकदा पट्टीने मोजून घ्या. १२५ मिलिमीटरखाली आला तर पोषण केंद्रात, ११५ खाली असेल तर त्याच दिवशी. गोवराची लस टोचली आहे का हे नाव नोंदवतानाच विचारा.

पाहुण्यांचा नियम लेखी लावा. एका वेळी दोनच, जमिनीवर बसून, चेहऱ्यांचे फोटो नाहीत, हाताने वस्तू वाटणं नाही. मुलांना रांगेत उभं करून वाटलेल्या चॉकलेटांनी तो दिवस तर जातोच, पुढचे काही दिवसही मुलं दाराकडे बघत राहतात.

अचानक जाणारी मुलं

निर्वासितांची कुटुंबं एका रात्रीत हलतात: दुसरी छावणी, दुसरा देश, कधी परत. म्हणून प्रत्येक मुलाची प्लास्टिकची पिशवी पहिल्या महिन्यापासून तयार ठेवा. आत एक पान, दोन भाषांत: नाव, वर्गात कधीपासून कधीपर्यंत, कोणती भाषा समजते, किती मोजता येतं, काय वाचता येतं, कशाने शांत होतं. तारीख आणि सही. दर तीन महिन्यांनी पान बदला. सोबत त्याची दोन-तीन चित्रं. पुढच्या शाळेत दाखला म्हणून हे चालेलच असं नाही, पण तिथल्या शिक्षिकेला पहिल्या दिवशी काहीतरी हाती लागतं आणि मुलाला चुकीच्या वर्गात बसवायची शक्यता कमी होते.

जायचं आधी कळलं तर निरोपाच्या वेळी त्या मुलाने आपली नावाची पट्टी दोरीवरून स्वतः काढून पिशवीत ठेवावी. न कळता गेलं तर बाकीच्यांना गोलात सरळ सांगा: तो गेला, आपल्याला आधी कळलं नाही, तो कुठे आहे ते माहीत नाही. खोटं आश्वासन नको. आणि त्याचा खिळा निदान आठवडाभर मोकळा ठेवा. दुसऱ्याच दिवशी तिथे नवं नाव लागलं, तर उरलेली मुलं आपापल्या पट्ट्यांकडे बघायला लागतात.